दोरीची पोच

आईने धाकट्याचं पेपरातलं कात्रण फ्रीजच्या दारावर चिकटवलं, त्या दिवसापासून मी फ्रीजमधलं गार पाणी पिणं सोडलं. बालिशपणा आहे, मान्य. पण बेचाळिसाव्या वर्षीही माणसाला स्वतःच्या घरात थोडं बालिश वागायची मुभा असावी.

कात्रणात धाकटा रबरी पोशाख घालून गोदीच्या काठावर बसलेला होता, ओल्या केसांनी हसत. वर मथळा: ‘पणजोबांच्या पाण्यात पणतू’. माझा हा भाऊ पाणबुड्या आहे. बंदराच्या भिंती, पुलांचे खांब पाण्याखाली जाऊन तपासतो, भेगा बुजवतो. मी लिफ्ट तपासते. शहरातल्या साडेतीनशे लिफ्ट माझ्या सहीशिवाय हलत नाहीत. हजारो माणसं रोज माझ्या भरवशावर वर-खाली करतात, पण त्यावर कुणी दोन ओळी छापत नाही. हा एकटा खाली जाऊन वर आला की फोटोसकट बातमी.

पोहायला आधी मी शिकले होते. हे लिहून ठेवते, कारण आता ते कुणाला आठवत नाही. तलावाच्या तळाशी टाकलेली किल्ली मी एका दमात वर आणायचे, तेव्हा धाकटा काठाला धरून भोकाड पसरून बसलेला असायचा. बाराव्या वर्षी ‘आता पुरे, मोठी झालीस’ म्हणून माझं पोहणं बंद झालं आणि माझा पोहण्याचा चष्मा त्याला मिळाला. त्याचा पट्टा आईने धाकट्याच्या डोक्याच्या मापाने कापला. तो कात्रीचा आवाज मला अजून येतो.

बरं, त्याच्यावर मनापासून चिडावं तर तो स्वभावाने चांगला. मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतो, येता-जाता टपल्या मारतो. लहानपणी आमच्या दोघांच्या खाटांमधे एक सुतळी असायची, एक टोक माझ्या अंगठ्याला, एक त्याच्या. दिवा गेला की तो झटके द्यायचा. एक, मग थोडं थांबून, भरभर तीन. म्हणजे ‘झोपलीस का गं?’ मीही तसेच झटके परत द्यायचे. अजूनही घरी आला की दाराची घंटा तशीच वाजवतो. एक लांब, मग तीन तुटक. अख्ख्या मजल्याला कळतं, हा आला.

आमच्या पुढच्या खोलीत पणजोबांचा फोटो आहे. जाड पोशाख, काखेत तांब्याचं शिरस्त्राण, नजर सरळ. फोटोच्या डाव्या कडेला चौकटीत दोन हात दिसतात, फक्त हात, दोरी धरलेले. हात कुणाचे, ते घरात कुणी कधी विचारलं नाही. फोटोखालच्या खुंटीला त्या दोरीचं वेटोळं टांगलेलं आहे. ते नेहमी दमट असतं. भिंतीला ओल आहे, असं सगळे म्हणतात.

“धाकटा अगदी पणजोबांवर गेलाय,” आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

“आणि मी कुणावर गेले?” मी एकदा विचारलं.

“तू?” आई म्हणाली. “तुझ्यासारखी बिनपाचपोचाची आमच्यात तरी कुणी नव्हती बाई.”

हा तिचा आवडता शब्द. पाहुण्यांसमोर खरं बोलले, की मला पाचपोच नाही. धाकटा तेच बोलला, की तो स्पष्टवक्ता.

तेव्हा मी पणजोबांचा शोध घ्यायचं ठरवलं, ते भक्तिभावाने नव्हे. ते पाणबुडे नव्हतेच, उसना पोशाख घालून फोटो काढून घेतलेले कुणी गोदीतले हमाल होते, असं कागदावर दाखवता आलं असतं, तर मला चार दिवस शांत झोप लागली असती.

बंदराच्या कचेरीत तळघरात जुनी दप्तरं ठेवतात, बुधवारी ती बघू देतात. तिथले रेकॉर्डकीपर कायम सर्दी झालेले, गळ्याला मफलर गुंडाळलेले, पण कामाला चोख. त्यांनी तिसऱ्या बुधवारी माझ्यासमोर एक लांबट वही ठेवली. बुडीवही. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद. खाली कधी, वर कधी, जागा, दोरी, शेरा.

पणजोबांचं नाव पहिल्याच पानावर होतं. पाणबुड्या, पहिल्या श्रेणीचा. पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर, सगळीकडे. म्हणजे घरचे खरं बोलत होते.

मग माझी नजर ‘दोरी’च्या रकान्यावर गेली. तिथे लिहिलं होतं: थोरली बहीण.

“ही बाई दोरी धरायची?” मी विचारलं.

“तेव्हा दोरी सख्ख्या भावंडाच्याच हातात द्यायचे,” रेकॉर्डकीपर नाक पुसत म्हणाले. “बायकोच्याही नाही. बायकोला म्हणे दुसरा नवरा मिळू शकतो, बहिणीला पाठचा भाऊ कुठून मिळणार?” स्वतःच्याच बोलण्यावर ते थोडे हसले. “वहीही दोरी धरणाऱ्यानेच लिहायची. हे अक्षर त्या बाईंचं.”

बारीक, उभं, काटेकोर अक्षर. माझा आनंद काय सांगू? फोटोतले ते हात हिचे. शंभर वर्षं हिला कुणी विचारलं नव्हतं. पणजोबा खाली गेले ते हिच्या भरवशावर आणि वर आले ते हिच्या जोरावर. मलाही माझं असं कुणीतरी पूर्वज मिळालं होतं. त्यानंतर मी बुधवार चुकवला नाही.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला झटक्यांचा तक्ता होता. एक: ठीक आहे. दोन: दोरी सोड. तीन: दोरी घे. चार नव्हतेच, तिनाचे चार आणि चाराचे तीन मोजले जातात म्हणून गाळले असावेत. पाच: वर ओढ. आणि खाली ठळक सूचना. खालून जितके झटके येतील तितकेच वरून परत द्यायचे. त्याला पोच म्हणायचे. पोच मिळाली की खालच्याने समजायचं, वरच्याला कळलंय, आता तो करतोय. मग खालच्याने धडपड न करता स्वस्थ राहायचं.

‘पाच. पोच.’ असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. आईच्या शब्दाचा उगम हा नसणार, एवढं मलाही कळतं. तरी हसले.

सातव्या बुधवारी मी त्या पानावर आले.

जागा: जुन्या गोदीचं लोखंडी दार. खाली: नऊ पाच. नऊ वीस, एक, पोच. नऊ पस्तीस, पाच, पोच. नऊ सदतीस, पाच, पोच. नऊ चाळीस, पाच, पोच. नऊ त्रेचाळीस, पाच, पोच. वर: नऊ पन्नास.

मी बोटांवर मोजलं. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं ती ‘ओढते’ म्हणत राहिली आणि तिने ओढलं नाही. अक्षर कुठेही हललेलं नव्हतं.

शेरा होता: माणूस ठीक. बोलत नाही.

त्यानंतर पणजोबा पाण्यात उतरल्याची एकही नोंद नाही. वही मात्र तिथे संपत नव्हती. पुढच्या पानावर त्याच अक्षरात: ‘बुडी नाही. दोरी खुंटीला. पाच. पोच.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अकरा महिने रोज एक ओळ. ती पानं कडेने मऊ पडली होती, बोट लावलं की गार लागायची. मी रेकॉर्डकीपरना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तळघर आहे, ओल असायचीच.

घरी येऊन मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, पणजोबा माणूस म्हणून कसे होते?

“देवमाणूस!” आई म्हणाली. “सासरे सांगायचे ना. आधी म्हणे फार वात्रट होते, पण पाण्यातलं काम सुटलं आणि एकदम शांत झाले. मग लग्न केलं, सासऱ्यांचा जन्म झाला. कधी आवाज चढवला नाही. स्वतःच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा ‘अहो’ म्हणायचे.”

“आधी काय म्हणायचे?”

“आता ते मला काय माहीत? भावंडं एकमेकांना काय म्हणतात, तेच म्हणत असतील.”

रविवारी दुपारी आई मैत्रिणीकडे गेलेली असताना मी खुंटीवरची दोरी उतरवली. दोर तपासणं हा माझा धंदा आहे. भिंतीला हात लावून पाहिला. भिंत खडखडीत कोरडी होती. दोरी मात्र आताच पिळल्यासारखी ओली. मी ती मांडीवर घेतली आणि लिफ्टच्या दोराची तार तपासते तशी बोटांतून सरकवू लागले. मधेच कुठेतरी ती हलली. हातात हात असावा आणि समोरच्याने हलकेच ओढावं तशी. एक. दोन. तीन. मी वेटोळं परत खुंटीला अडकवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. पुढचे मी मोजले नाहीत.

त्याच आठवड्यात धाकटा आला. एक लांब, तीन तुटक.

“इन्स्पेक्टर, एक काम आहे. माझ्या दोरीवाल्याची कंबर धरलीय. उद्या सकाळी दोन तास येशील? तुझ्याइतकं दोर कळणारं माणूस ह्या शहरात नाही.”

“तुमच्यात फोन असतात ना टोपीत?”

“फोन बंद पडतो, दोरी पडत नाही. तुला शिकवतो, सोपं आहे. एक म्हणजे ठीक...”

“दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे घे, पाच म्हणजे ओढ,” मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग जोरात हसला. “बघ! रक्तातच आहे आपल्या. जुन्या गोदीचं लोखंडी दार आहे. शंभरेक वर्षांत तिथे कुणी उतरलं नाही म्हणतात.” आणि जाता जाता फोटोकडे बघत म्हणाला, “पणजोबांची दोरी कोण धरायचं गं? तू शोधतेयस ना?”

मी म्हणाले, “नाही सापडलं.”

तेव्हा मला सांगता आलं असतं. ती वही, ती जागा, ती पंधरा मिनिटं. पण ते माझं होतं. सगळंच त्याचं होतं, एवढं एक माझं होतं, आणि तेही मी काढून दिलं असतं तर पुढच्या आठवड्यात त्याचंही कात्रण झालं असतं.

सकाळी दहाला स्वच्छ ऊन होतं. जुन्या गोदीत पाणी उकळून ठेवलेल्या चहाच्या रंगाचं, वर तेलाचा तवंग, लोखंडी दाराला बोटभर जाड गंज. धाकट्याने पाठीवर सिलिंडर चढवला, कमरेला निळी नायलॉनची दोरी बांधली. पस्तीस मीटर, अगदी नवी. मी गाठ दोनदा तपासली. ती चोख होती, हे मी शपथेवर सांगते.

“झोपू नको हं,” तो म्हणाला आणि मागे कलून पाण्यात पडला. दहा वाजून दहा मिनिटं.

साडेदहाला एक झटका आला. मी एक दिला. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. दोरी हातात जिवंत वाटत होती आणि त्याचं सगळं वजन, सगळी मिजास, माझ्या दोन मुठींत होती.

मग पेपरचा फोटोग्राफर आला. धाकट्यानेच बोलावला असणार. त्याने बुडबुड्यांचे फोटो काढले, दाराचे काढले, मग माझ्याकडे वळला. मी नकळत केस सारखे केले.

“बाई, जरा डावीकडे सरका,” तो कॅमेऱ्यातून बघत म्हणाला. “अजून. अजून थोडं. हां. तुम्ही नको, नुसते हात येऊ देत. दोरी धरलेले.”

आणि त्याच वेळी दोरी ओढली गेली. पाच.

स्वच्छ पाच. मोजण्यात माझी चूक झाली नाही. मोजण्यात माझी कधी चूक होत नाही.

मी पाच परत दिले.

आणि ओढलं नाही.

मला धाकट्याचा हेवा वाटत होता. तो मला तीस वर्षं वाटत होता, पण इतका कधीच नाही. वाटलं, थांबू दे जरा. पोच मिळालीय, आता तो स्वस्थ बसेल. घाबरू दे थोडा. वर आल्यावर ओठ पांढरे असू देत, आणि त्याचा फोटो येऊ दे पेपरात.

फोटोग्राफर म्हणाला, “छान, असेच धरून ठेवा.”

दहा छत्तीस. पाच. मी पोच दिली.

दहा अडतीस. पाच. झटके जरा हलके होते. मी पोच दिली.

बुडबुडे येत होते. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणजे तो श्वास घेत होता. ह्यात काही गैर नव्हतं.

दहा एक्केचाळीस.

एक.

मग थोडं थांबून, भरभर तीन.

मी ओढू लागले. हात सोलवटले तरी ओढत राहिले. सुरुवातीला दोरी आली ती रिकामी आल्यासारखी, भारच नाही. साडेतीनशे लिफ्टचे दोर तपासलेत मी, भार मला हाताला कळतो. मग मधेच, कुणीतरी चालत्या लिफ्टमधे पाऊल टाकावं तसा, एकदम माणसाचा भार आला.

धाकटा वर आला.

त्याने काठाला धरलं. मुखवटा काढला. ओठ पांढरे नव्हते. श्वासही लागलेला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, नीट, सावकाश, एखाद्याचा पत्ता ताडून पाहावा तसं.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही दमलात.”

फोटोग्राफरने तो फोटो घेतला.

ह्याला आता चार महिने झाले. धाकट्याने पाण्यातलं काम सोडलं, तो एका कचेरीत जातो. वेळेवर जातो, वेळेवर येतो. टपल्या मारत नाही, आवाज चढवत नाही. मला ताई म्हणतो आणि अहो-जाहो करतो. आईला तर आभाळ ठेंगणं झालंय. “शेवटी थोरल्या बहिणीला मान द्यायला शिकला,” ती सगळ्यांना सांगते. फ्रीजवरचं कात्रण त्याने स्वतःच काढलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. जे जे मला हवं होतं ते ते झालं. मी एकदा त्याला विचारलं, “सुतळी आठवते का रे?” तो विचार करून म्हणाला, “तुम्ही सांगाल तशी.”

निळी दोरी मी बाल्कनीत कडक उन्हात वाळत घातली होती. नायलॉन तासाभरात वाळतं. पंधरा दिवसांनीही तिच्यातून फरशीवर थेंब पडत होते, तेव्हा मी ती माझ्या खोलीत आणली आणि खुंटी ठोकली.

रोज संध्याकाळी कामावरून आले की मी ती उतरवून मांडीवर घेते. सुरुवातीला ओढून पाहिली, पुन्हा पुन्हा. पस्तीस मीटर दोरी, सगळी माझ्यासमोर येते. दोन्ही टोकं माझ्या हातात असतात. मधेच कुठेतरी ती हलते.

पहिले दोन महिने पाच यायचे. आता पाच येत नाहीत.

आज सहाला मी बसले होते. दोरी गार होती. एक. थोडं थांबून, तीन.

बाहेर दाराची घंटा वाजली. एकदाच, नेमस्त, परक्या माणसाने वाजवावी तशी.

एक. थोडं थांबून, तीन.

“अगं, दार उघड की,” आई आतून ओरडली. “धाकटा आलाय, केव्हाचा ताटकळतोय. तुला काही पाचपोच?”

मी पोच दिली आणि दार उघडायला उठले.